ठणठणीत

नवरा घोरतो याचं आजीला काही नव्हतं, घोरता घोरता श्वास घ्यायचाच थांबतो आणि सकाळी वर तोंड करून "मला कुठे काय होतंय?" म्हणतो, याचा तिला संताप होता. शिवता शिवता डुलकी लागून सुई बोटात घुसली, तेव्हा कुठे म्हातारा शिंपी डॉक्टरकडे गेला. झोपेच्या तपासणीसाठी रात्रभर दवाखान्यात झोपायला मात्र साफ नकार. मग छातीला पट्टा, नाकाशी नळी आणि बोटाला चिमटा लावून घरच्याच पलंगावर तपासणी झाली.

रिपोर्ट घेऊन आलेली नर्स म्हणाली, "आजोबा ठणठणीत आहेत. श्वास कुठेच थांबलेला नाही."

"बघ! जन्मभर उगाच बदनामी केलीस माझी," आजोबांनी मिशीला पीळ दिला.

"यंत्र आंधळं आहे तुमचं," आजी नर्सवर उखडली. "यांचा श्वास अडकला रे अडकला की मी बरगडीत कोपर हाणते, तेव्हा पुढचा घेतात."

"तपासणीच्या रात्रीही हाणलंत?"

"मग काय, बघत बसू?"

नर्सला हसावं की रडावं कळेना. "आजी, पुन्हा तपासावं लागेल. आणि या वेळी तुम्ही जवळ झोपायचं नाही."

आजोबांची मिशीवरची बोटं तशीच राहिली. "म्हणजे... तू रोज रात्री जागी असतेस?"

आजीनं आपली उशी उचलून काखेत मारली.

"आज मी पलीकडच्या खोलीत झोपतेय. श्वास आपला आपण घ्यायचा. नाही घेतलात, तर गाठ माझ्याशी आहे!"