उरलेला केक

काल आईच्या अंत्यविधीनंतर इथल्या रीतीप्रमाणे पाहुण्यांना कॉफीबरोबर दिलेला केक बराच उरला. आज माझा मुलगा सिब्रेन सहा वर्षांचा झाला; वर्गात वाटायला काहीतरी हवंच, आणि दुकानात जायचं त्राण नव्हतं. म्हणून तोच केक कुस्करून, गोळे काड्यांवर खोचून मी चॉकलेटमध्ये बुडवत होते. पहिलीच वेळ; निम्मे गोळे घसरून पातेल्यात पडत. कालपासून ‘धन्यवाद’खेरीज काही न बोललेले बाबा नवे वळून देत होते. ताई आली ती दारातच थबकली. “अगं, मयताचा केक पोरांना वाटणार?” “केकला कुठं ठाऊक आहे?” मी म्हणाले. ती हसली नाही. पण वाढदिवसाला घरातल्या प्रत्येकाशी हात मिळवून त्याचं अभिनंदन करायचं, ही आमची रीत. तिनं आधी माझा हात हातात घेतला, मग बाबांचा चिकट उजवा. “नातवाबद्दल अभिनंदन, बाबा.” बाबांनी डावाही पुढे केला. “आणि हा तुझ्या आईचा.”