हात द्यायचा नाही

“नवरा पडला तरी हात द्यायचा नाही, बाई. आपणहून उठेल, तरच चालेल.” ह्यांना लाकडी पाय बांधताना डाक्टरांनी वचन घेतलं होतं. आज तलावाच्या निसरड्या पाळीवर तलावाचे मालक मालगुजार म्हणाले, “पल्याडच्या देवळापर्यंत चालून दाखव. पोचला त शेतांना पानी सोडाचं काम पहिल्यासारखं तुझंच, नाई त दुसऱ्याचं.” हे निघाले, मी दोन पावलं मागे. बाजूला खोल पाणी. रोज बेल वाहते त्या महादेवाला म्हटलं, “ह्यांना पोचव, मी हीच पाळ गुडघ्यांवर चालेन.” मध्यावर लाकडी पाय रुतला आणि हे पाण्याकडे घसरले. माझा हात पुढे गेला. मी तो दातांत धरला. गवत धरून हे उठले, पोचले. मालगुजार “उद्यापासून ये” म्हणाले. अल्याड परतून मी गुडघे टेकले. हे हसले, “पडलीस त हात नाई देनार बरं!” मी निघाले.