पाच वर्षांची शिक्षा

अनसूयाच्या घरात गांजाचं पोतं सापडलं, ते तिच्या दिराचं होतं. "वहिनी, तुम्ही गुन्हा कबूल करा. बाईमाणूस बघून कोर्ट सोडून देईल," असं तो पाया पडून म्हणाला. तिनं कबूल केला आणि कोर्टानं दहा वर्षं ठोठावली.

अपील करताना वकील म्हणाले, "कबुली आता मागे घेता येणार नाही. शिक्षा कमी करा, एवढंच मागता येईल." तेवढंच मागून ती तुरुंगात वाट बघत राहिली.

आठव्या वर्षी जेलरबाईंनी तिला बोलावलं. "नशीबवान आहेस. हायकोर्टानं शिक्षा पाच वर्षांवर आणली. आजच सुटलीस."

अनसूया आधी रडली, मग तिनं बोटांवर वर्षं मोजली.

"पण बाई, मला तर आठवं वर्ष सरत आलं."

"अपिलाचा नंबर आत्ता लागला. त्याला कोण काय करणार?"

"गेल्या वर्षी माझी लेक बाळंतपणात गेली. तिचं तोंड बघायला एक दिवस मागितला, तर शिक्षा बाकी आहे म्हणालात. कोणती शिक्षा बाकी होती?"

जेलरबाईंनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"अंगठा उठव लवकर. पाचला गेट बंद झालं, की उद्याच सुटशील."