बेंबळीची बाई

"टोचायचं न्हाय म्हणजे न्हाय," आण्णासाहेब म्हणाले आणि आपल्या नऊ शेरडांची दावी त्यांनी हाताला गुंडाळून घेतली.

तासाभरापूर्वी शाळेपुढच्या मैदानात सगळ्यांत आधी कळप आणून उभा केला होता तो याच आण्णांनी. त्यांच्या भरवशावर शाहीननं लस कालवली होती. एका बाटलीत शंभर शेरडांची लस. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, नाहीतर मातीत ओतायची. पुढची बाटली महिन्यानं मिळणार, आणि शेळ्यांची साथ तर शेजारच्या गावापर्यंत येऊन ठेपलेली. नाक वाहायला लागलं की आठ दिवसांत गोठा रिकामा. पाच वर्षं तामलवाडीची पशुसखी म्हणून ती शेरडांच्या लस-औषधासाठी दारोदार फिरत होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! तिनं बर्फाच्या डब्यात हात घालून पाहिला. बर्फ निम्मासुद्धा उरला नव्हता.

सगळा घोळ गावातल्या बलभीमच्या फोनवर आलेल्या एका निरोपानं घातला होता. त्यानं तो आवाज तिसऱ्यांदा मोठ्यानं लावला.

"बंधूंनो, वाशीकडं लस टोचली अन् दुसऱ्याच दिवशी सात शेरडं मेली. एक मोठा डॉक्टर खासगीत बोलला म्हणून कळलं. हे कुणी तुम्हाला सांगणार न्हाय. ज्याला गावाची काळजी हाय, तो दहा जणांना पाठवील."

"कुणाची मेली, बलभीमभाऊ? नाव काय त्याचं?" शाहीननं विचारलं.

"नाव कशाला सांगंल कुणी?"

"मग डॉक्टरचं?"

"खासगीत बोललाय म्हणायलेत ना!"

शाहीन आण्णांकडं वळली. "आण्णा, तुम्ही जुने जाणते. सुगी झालीय. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यावर सोडली तर शेरडं मरतात का न्हाय?"

"मरतात की. किराळ लागती, फुटव्याचं विष भिनतं. ते लहान लेकराला बी ठावं हाय."

"मग ती सात किराळीनं मेली नसतील कशावरून?"

"पण मेली टोचल्यावरच ना?"

"परवा म्या तुमच्याकडं चहा प्याले, अन् त्याच संध्याकाळी तुमची विहिरीवरची मोटार जळाली. म्हणजे म्या जाळली?"

आण्णांनी क्षणभर विचार केला. "चहा टोचत न्हाईत, शाहीन."

सगळे खो खो हसले. हसले सगळे, हललं कुणी नाही. उलट दोघातिघांनी आपली शेरडं घराकडं वळवली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. सूर्य वर चढत होता, बाटली हातात गरम होईल म्हणून ती पुन्हा पुन्हा डब्यात ठेवत होती, काढत होती. तिला रडू यायला लागलं. त्याहून जास्त राग आला.

"ऱ्हाऊ द्या," ती डब्याचं झाकण आपटून म्हणाली. "बेंबळीत समद्या गावानं टोचून घेतलं. एका बाईनं तेवढं घेतलं न्हाय. अशाच फोनचं ऐकलं होतं तिनं. अकरा शेरडं होती. आता नुसती दावी हायेत, अन् ती बाई ती दावी उराशी धरून बसलीय. एकटं आपलंच गाव मागं ऱ्हाणार असंल तर ऱ्हाऊ द्या."

बेंबळीत लस पुढच्या गुरुवारी जायची होती. अशी कुणी बाई नव्हती.

त्या बाईचं नाव कुणी विचारलं नाही. अकरा शेरडं कुठल्या दिवशी मेली, हेही नाही. बलभीमनं फोन खिशात घातला. आण्णांनी हाताला गुंडाळलेली दावी सोडली आणि पहिली शेळी स्वतः पुढं ढकलली. "घे, हिच्यापासून सुरू कर."

मग नुसती झुंबड उडाली. ज्यांनी शेरडं घरी नेली होती ते पळत परत आले. शाहीन चिमटीत कातडी धरून टोचत होती, टोचलेल्या शेळीच्या शिंगाला लाल रंग फासत होती. तीस. पन्नास. हात यंत्रासारखा चालला होता, पण जिवाला चैन नव्हती. वाशीच्या त्या आवाजात आणि आपल्या आवाजात फरक कुठला, तर आपला खोटेपणा शेरडांच्या भल्याचा. बरं, बलभीमलाही तसंच वाटलं असेल की! जाऊ दे, शेरडं वाचली ना, असं तिनं चारदा मनाशी घोकलं.

एवढ्यात लक्ष्मीबाई शेळी ओढत, धापा टाकत आली. मघाशी बायकांत उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं आणि तशीच घराकडं पळाली होती. तिची एकुलती एक शेळी होती ती, पोट खाली उतरलेली, कास भरलेली.

"मावशी, हिला न्हाय टोचायचं," शाहीन म्हणाली. "काल तुमच्या घरी येऊन सांगितलंय. चार दिवसांत विणारी शेळी. ह्या धराधरीत गाभडली म्हंजे?"

"अन् त्या बेंबळीच्या बाईगत झालं म्हंजे?"

शाहीनचा हात थांबला. मागं आण्णा उभे होते, रांगेत बलभीम होता. तिनं आवाज अगदी खाली आणला. "मावशी, अशी बाईच न्हाय कुठं. म्या रागाच्या भरात बोलले. खोटं होतं ते."

लक्ष्मीबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग बाटलीकडं पाहिलं. तळाला थोडीच लस उरली होती. तिनं शेळीची मान दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली.

"संपत आली म्हणून व्हय?" ती म्हणाली. "मघाशी समद्यांना खरं सांगितलंस, पोरी. आता मलाच तेवढं खोटं का सांगायलीस?"