उपरणं सुटेना

हर्षला हार घालायला पुढे झाली, तेवढ्यात मित्रांनी नवरदेवाला वर उचललं. तिने चिडून त्याचं उपरणं धरलं आणि बोट अडकलं.

“ओढू नका रे, पुन्हा तुटेल!” ती ओरडली.

गेल्या मोसमात कबड्डीत जर्सी पकडताना तिच्या अनामिकेची कंडरा हाडापासून उखडली होती. डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेली नवी बसवली. त्या कंडरेला पकडीचे धडे मात्र मैदानावरचेच दिले होते. पंचांची शिटी वाजेपर्यंत ती कापड सोडत नसे.

“शिटी कुठंय?” आई घाबरली.

मित्रांनी नवरदेवाला, निनादला खाली ठेवलं. त्याने खिशातून शिटी काढली, हर्षलाकडे बघून हसला आणि परत खिशात टाकली.

“गुरुजी, उपरण्याला गाठ मारायचं राहू द्या. सप्तपदी अशीच होऊ दे.”