श्रीमंत देशाची बाजू

“समुद्राने गिळलेल्या गावांना भरपाई आम्ही का द्यावी? धोका दिसत असताना लोक किनाऱ्यावर राहिलेच कशाला?” हर्षालीने ठणकावून विचारलं. विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातली ती अभिरूप हवामान परिषद होती आणि तिच्या वाट्याला श्रीमंत देश आला होता. टाळ्या कडाडल्या. भरपाईचा ठराव पडला.

पहिलं बक्षीस घेऊन ती शेवटच्या रांगेत बसलेल्या बाबांकडे आली. गेल्या उधाणात त्यांच्या घराची समुद्राकडची भिंत गेली होती. भरपाईसाठी ते अजून तहसील कचेरीत खेटे घालत होते.

“बाबा, ते माझं मत नव्हतं,” ती घाईने म्हणाली. “मला तीच बाजू दिली होती.”

“कळलं, पोरी,” बाबा म्हणाले. “कचेरीतले साहेबही हेच सांगतात. फक्त तुझ्याइतकं छान बोलता येत नाही त्यांना.”