पिल्लासाठी स्थळ

भानुमतीआजींना धनगरी कुत्र्याचं पिल्लू हवं होतं; माहेरी दारात तसंच एक असायचं. म्हणून फर्दापूरचा मल्हारी धनगर पिल्लू घोंगडीत घेऊन गारखेड्याला आला. लेक द्यायच्या आधी स्थळ बघावं, तसा फ्लॅटभर नजर फिरवत बसला.

"आजी, ह्ये मेंढरं वळणारं जनावर. काम नसलं की झुरतं. इथं वळायला हाय काय? नाय जमायचं."

आजींचा चेहरा उतरला. "बरं, चहा तरी घे," म्हणत त्यांनी मुलाला, सुनेला, नातवाला हाका मारल्या. तिन्ही खोल्यांतून "हो, हो" ऐकू आलं. चहा निवला, तरी कोणी बाहेर आलं नाही.

मल्हारीनं पिल्लू आजींच्या मांडीवर ठेवलं.



"ठिवा. माझी मेंढरं बी एवढी पांगत नाय."